पाणी आधी, तिकीट नंतर : विदर्भातून हिमाचलच्या ट्राउट नदीवर गळ टाकायला जाताना

गोंदिया-भंडाऱ्याकडचे, चंद्रपूर-गडचिरोलीकडचे बरेच गळाचे शौकीन आता हिमाचलात ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी जातात. त्यातले कितीतरी जण रिकाम्या हातानं परततात आणि तिकडं मासाच उरला नाही म्हणून सांगतात. मासा आहे. घोळ होतो तो तयारीच्या क्रमात. आपण सुट्टी बघून तिकीट काढतो, मग दुकानात जाऊन गळ-दोरी घेतो, आणि नदीवर पोचल्यावर परवान्याची चौकशी करतो. सगळं उलटं. खालचे टप्पे ज्या क्रमानं दिलेत त्याच क्रमानं करा. एक पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

१. आधी नदी ठरवा

पहिल्या खेपेला एकच खोरं निवडा. दोन नद्या करायच्या म्हणून गेलेले लोक निम्मी सुट्टी घाटातल्या गाडीत काढतात.

कुल्लू जिल्ह्यातली तीर्थन नदी पहिलटकरांसाठी सगळ्यात सोयीची. बंजार, गुशैणी या भागात नदीकाठानं रस्ता आहे, राहायला घरगुती सोय आहे, आणि उंची साधारण दीड हजार मीटरच्या आसपास असल्यानं श्वासाचा त्रास सहसा होत नाही. मंडी जिल्ह्यात बरोटला ऊहल नदी आहे, ती थोडी उंच आणि थोडी गार. किन्नौरमधल्या सांगल्याची बास्पा फार देखणी, पण सांगला अडीच हजार मीटरच्या वर आहे. तिथं पहिला दिवस नुसता अंग सवयीला लावण्यात जातो. बास्पा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी ठेवा.

तीर्थनचा वरचा भाग ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात येतो. उद्यानाच्या हद्दीत मासेमारी चालत नाही. आपल्याकडं पेंचमध्ये तोतलाडोहाला जी बंदी आहे तिच्यासारखीच ही समजा. गळ टाकायचा तो उद्यानाच्या खालच्या, परवान्यात लिहिलेल्या पट्ट्यात.

२. मग तारीख, आणि तीही माशाच्या सोयीनं

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते. ब्राऊन ट्राउट याच थंडीत उथळ पाण्यातल्या खडीत अंडी घालते. आपल्याकडं मृगाच्या पावसात चढणीचा मासा धानाच्या बांधीत शिरतो आणि जाणती माणसं पोटात गाभोळी असलेली मादी सोडून देतात. हा नियम त्याच समजुतीचा.

मी स्वतः पहिल्या खेपेला दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. तारीख होती नोव्हेंबरची. नदी आरशासारखी नितळ होती, पुलावरून मासे दिसत होते. मी गळ जोडायला बसलो तर काठावरचे एक बाबा येऊन शांतपणे म्हणाले, "अब मार्च में आना." मी गळ पुन्हा पिशवीत भरला. चार दिवस नुसतं पाणी बघून परतलो. २०२६ सालची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे तेव्हाही बंदीच असेल. दिवाळी आणि ट्राउट जुळवायच्या आधी कॅलेंडर समोर घ्या.

उरलेल्या आठ महिन्यांतही सगळे दिवस सारखे नाहीत.

मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत पाणी थंड आणि बहुतेक दिवस स्वच्छ असतं. पुढं ऊन वाढलं की वरचा बर्फ भराभर वितळतो, नदी फुगते आणि दुधी-गढूळ होते. जिच्या वर जास्त बर्फ, ती आधी फुगते. म्हणून मेअखेरीस "तिकडं थंड असेल" म्हणून बास्पावर जाणारे फसतात. जुलै-ऑगस्ट तर विसराच. जुलै २०२३ मध्ये कुल्लू-मंडी भागात बियास आणि तिच्या उपनद्यांना आलेल्या पुरात रस्ते, पूल, घरं वाहून गेली. पावसाळ्यात तिकडं मासाही नाही आणि जिवाची हमीही नाही. सप्टेंबरच्या मध्यानंतर पाऊस सरला की पाणी पुन्हा निवळतं. तिथून ३१ ऑक्टोबरपर्यंतचे सहा आठवडे माझ्या मते वर्षातले सर्वोत्तम.

आता हे आपल्या शेतीशी जुळवा. सोयाबीनवाल्यांची कापणी-मळणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात येते, त्यांनी चना-गहू घरात आल्यावर मार्चअखेर किंवा एप्रिलात जावं. पूर्व विदर्भातल्या धानवाल्यांना सप्टेंबरचा शेवटचा पंधरवडा बरा, धान लोंबीवर असतो आणि कापणीला अवकाश असतो. उन्हाळी धान लावलं असेल तर एप्रिल विसरा, पाण्याची पाळी सोडून मन नदीवर लागणार नाही.

*तपासा : तारीख १ मार्च ते ३१ ऑक्टोबरच्या आत आहे का? जुलै-ऑगस्ट टाळलेत का? दोन्हीचं उत्तर हो असेल तरच पुढं.*

३. परवान्याची चौकशी घरून करा

ट्राउटच्या पाण्यात गळ टाकायला हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो. तो माणसागणिक असतो. चौघं मिळून एक परवाना चालत नाही. गावच्या तलावावर मच्छीमार सोसायटीच्या एखाद्या ओळखीच्या दादाला विचारून आपण बोडीत गरी टाकतो, तसं तिथं होत नाही.

मुक्काम ठरवतानाच घरमालकाला तीन गोष्टी फोनवर विचारून लिहून ठेवा : परवाना कुठून मिळतो, कचेरी कोणत्या दिवशी बंद असते, आणि सध्या कोणता पट्टा खुला आहे. रविवारी किंवा सरकारी सुट्टीला पोचाल तर पहिला दिवस वाया जाईल, म्हणून पोचण्याचा दिवस सोमवार ते गुरुवारमधला ठेवा. आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स आणि रोख पैसे जवळ ठेवा.

परवाना हातात आला की मागची-पुढची बाजू पूर्ण वाचा. दिवसाला किती मासे ठेवता येतात, किती लांबीच्या खालचा सोडायचा, कोणता पट्टा, हे त्यावरच्या अटींप्रमाणे पाळायचं. मागच्या वर्षी कुणी काय सांगितलं ते धरून चालू नका.

*सावध : जाळं, विष, सुरुंग यांतलं काहीही ट्राउटच्या पाण्यात गुन्हा आहे. सोबतच्या कुणी गंमत म्हणून फेकजाळं पिशवीत टाकलं असेल तर ते घरीच काढून ठेवा.*

४. मुक्काम आणि गाडी

आता तिकीट. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा. गोंदिया-नागपूरकडून हजरत निजामुद्दीनला गोंडवाना, समता आणि छत्तीसगढ एक्स्प्रेस जातात. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांना बल्लारशाहहून दिल्लीच्या गाड्या मिळतात, अकोला-बुलडाण्याकडच्यांना भुसावळ जवळ पडतं. दिल्लीत कश्मीरी गेटच्या बसस्थानकावरून कुल्लू-मनालीची रात्रीची बस धरायची आणि औटला उतरायचं. बंजारचा रस्ता औटच्या मोठ्या बोगद्याच्या अलीकडं फुटतो. बस तिथं पहाटे अंधारात पोचते, म्हणून चढतानाच कंडक्टरला "औट टनेल से पहले" असं सांगून ठेवा. झोपेत कुल्लूला पोचलेले आपले लोक मला माहीत आहेत.

गाडीची दिल्लीला पोचायची वेळ आणि बसची वेळ यांत किमान सहा तास सोडा. एकूण दहा दिवस धरा : जायला दोन-अडीच, यायला तेवढेच, पाण्यावर तीन, आणि उरलेले पाऊस, दरड, गढूळ पाणी यांच्या नावानं. हे जादा दिवस कापू नका. वर कुठं तासभर जोराचा पाऊस झाला तरी नदी एक-दोन दिवस गढूळ राहते, आणि गढूळ पाण्यात चकाकत्या आमिषाकडं मासा ढुंकून बघत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी घरमालकाला फोन करून एकच प्रश्न विचारा : "पानी साफ है कि मैला?" मैलं असेल तर एक दिवस उशिरा निघण्यात कमीपणा नाही.

५. सामान : मरळीचा गळ घरी ठेवा

मरळ आणि शिंगाडा मासा काढणारा जाड दांडा, अर्ध्या मिलिमीटरची दोरी आणि मोठा आकडा (हुक) ट्राउटला चालत नाही. आपलं पाणी गढूळसर, तिथं जाड दोरी माशाला दिसत नाही. तिकडं पाणी इतकं नितळ की दोरीची सावली तळावर पडते.

लागेल ते एवढंच. सहा ते सात फुटांचा हलका स्पिनिंग रॉड, चार तुकड्यांत सुटणारा असेल तर गाडीत बरा. २००० च्या आकाराचं रीळ. ०.१८ ते ०.२२ मिलिमीटरची नायलॉन दोरी, दोन गुंडाळ्या, कारण दगडाला घासून ती खराब होतेच. एक आणि दोन नंबरचे स्पिनर, म्हणजे ओढल्यावर पातं फिरणारं धातूचं आमिष, तीन ते सहा ग्रॅमचे, दहा-बारा तरी हवेत. पहिल्या दिवशी तीन-चार दगडात अडकून जातील, हे धरूनच चाला. चंदेरी आणि तांबूस दोन्ही रंग घ्या : उन्हात तांबूस, ढगाळ दिवशी चंदेरी, असं मी करतो.

शिवाय लहान पक्कड, कात्री, सुती गाठींचं नव्हे तर रबरी जाळीचं हातझेलं, आणि पोलराइज्ड चष्मा. या चष्म्याशिवाय जाऊ नका. पाण्यावरची चकाकी कापली जाते आणि तळाचे दगड, दगडामागचा मासा दिसू लागतो.

स्पिनरच्या तीन काट्यांच्या आकड्याऐवजी एकेरी आकडा बसवा आणि पकडीनं त्याचं उलटं टोक दाबून सपाट करा. मासा थोडा जास्त सुटेल, पण लहान मासा परत सोडताना त्याचा जबडा फाटणार नाही. तुमच्या बोटात घुसला तरी सहज निघेल.

दोरीला नकली माशी बांधून टाकायची फ्लाय फिशिंग ही वेगळी विद्या आहे. तिकडं जाऊन तीन दिवसांत शिकू म्हणून महागडा रॉड घेऊ नका.

*तपासा : आपल्या तलावात वापरलेलं काही नेत असाल तर धुऊन कडक उन्हात दोन दिवस वाळवा. आपल्या पाण्यातलं शेवाळ, किडे, रोग तिकडं न्यायचे नाहीत.*

६. थंडी : जीन्स नको

एप्रिलात नागपुरात पारा चाळिशीच्या पार असतो, आणि गुशैणीत रात्री दोन गोधड्या लागतात. पण धोका रात्रीच्या थंडीचा कमी आणि ओल्या अंगाचा जास्त. सुती कपडा आणि जीन्स एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. आतून थर्मल, मधे लोकरी स्वेटर, वरून वारा-पाणी अडवणारं जॅकेट. पँट पातळ नायलॉनची. रंग मातकट किंवा हिरवट असावेत, पांढरा शर्ट माशाला लांबून दिसतो.

लोकरीचे मोजे चार जोड, त्यातला एक कायम प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा. पूर्ण बाह्या हव्यातच. नदीकाठी बिच्छू बूटी नावाचं झुडूप असतं, त्याचं पान लागलं की आपल्या खाजकुयलीसारखी आग होते.

*सावध : धानाच्या बांधीत घालतो ते गमबूट घालून नदीत उतरू नका. वरून पाणी भरलं की पाय उचलत नाही.*

७. घरचा सराव : खळ्यात घमेलं ठेवा

हा टप्पा लोक गाळतात, आणि तिकडं जाऊन पहिला दिवस झाडांच्या फांद्यांतून स्पिनर काढण्यात घालवतात.

रिकाम्या खळ्यात किंवा वावराच्या मोकळ्या पट्ट्यात एक घमेलं ठेवा. दोरीच्या टोकाला आकड्याऐवजी लहान नट बांधा. दहा पावलांवरून फेका. नट घमेल्यात पडल्याचा टण्ण आवाज दहापैकी सहा वेळा आला की पंधरा पावलांवर जा. रोज संध्याकाळी अर्धा तास, तीन आठवडे. लांब फेकायचा हट्ट नको, पहाडी नदी अरुंद असते आणि तिथं पंधरा पावलं पुष्कळ झाली. नेम हवा. नंतर घमेल्याच्या वर, कमरेच्या उंचीला एक काठी आडवी बांधा आणि तिच्या खालून फेकायला शिका, कारण तिकडं फांद्या पाण्यावर झुकलेल्या असतात.

दुसरा सराव गाठीचा. दोरी आकड्याच्या डोळ्यातून ओवा, मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या फटीतून काढून मग तयार झालेल्या मोठ्या फासातून घाला. आता थांबा. ओढण्याआधी गाठ ओठात धरून ओली करा. कोरडी ओढली की नायलॉन घासून बारीक किरकिर ऐकू येते, आणि तिथंच दोरी पांढुरकी पडून कमजोर होते. ओली गाठ आवाज न करता सरकते, वेढे एकमेकांना लागून स्प्रिंगसारखे बसतात. ही गाठ बादलीतल्या बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं बोटं बुडवून, मग बांधून बघा. नदीवर तुमची बोटं तशीच असणार आहेत.

८. पहिला दिवस : गळ खोलीत ठेवा

परवाना घ्या, जेवा, आणि नुसते काठानं दोन-तीन किलोमीटर चाला. मोठ्या दगडांच्या मागं पाणी जिथं संथ होतं, जोराचा आणि संथ प्रवाह जिथं एकमेकांना घासून जातात, उतार संपून डोह सुरू होतो ती कड : मासा तिथं असतो. तो प्रवाहाकडं तोंड करून उभा राहतो आणि वाहत येणारं खातो. म्हणून तुम्ही नेहमी खालच्या अंगानं, त्याच्या पाठीमागून वर सरकायचं. वरून चालत आलात तर तो तुम्हाला आधी बघतो.

आपल्याला पहाटे गळ टाकायची सवय. तिकडं मार्च-एप्रिलात आणि ऑक्टोबरात पहाटे पाणी इतकं गार असतं की मासा हलत नाही. पाण्यावर ऊन आलं की, साधारण दहानंतर, तो खायला लागतो. सकाळी निवांत चहा घ्या.

९. पाण्यात पाऊल टाकण्याआधी

इथं माझं म्हणणं कठोर आहे. पहिल्या खेपेला गुडघ्याच्या वर पाण्यात जायचंच नाही. शेवाळलेले गोटे, बर्फाचं पाणी आणि ओढ, यांत वैनगंगेत पोहणारा पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. हातात छातीपर्यंतची काठी, काठी आधी टेकवायची, मग एक पाय, मग दुसरा. एकट्यानं नदीवर जायचं नाही.

पाणी न सांगता वाढतं. बर्फ दुपारच्या उन्हात वितळतो, त्यामुळं सकाळी ओलांडलेला फाटा संध्याकाळी ओलांडता येईलच असं नाही. धरणाच्या खालचं पाणी त्याहून धोक्याचं. तीर्थन लारजीजवळ बियासला मिळते, तिथं जलविद्युत धरण आहे. ८ जून २०१४ ला त्या धरणातून पाणी सोडलं गेलं आणि खाली थलौटजवळ नदीपात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. त्या बाजूला गळ घेऊन जाऊच नका.

*तपासा : काठावर पाण्याला लागून एका दगडावर नजर ठेवा. तो ओला होऊ लागला, पाण्यात काड्या-पानं वाहून येऊ लागली किंवा रंग बदलला, की गळ गुंडाळायचा आणि वर चढायचं. आधी वर चढायचं, स्पिनर अडकला असेल तर दोरी कापायची.*

१०. टाकणं, लागणं, सोडणं

उभं राहू नका, वाका. सावली पाण्यावर पडू देऊ नका. स्पिनर दगडाच्या थोडा वर आणि पलीकडं टाका, प्रवाहापेक्षा किंचित जलद ओढा, म्हणजे पातं फिरत राहील. एका जागी चार-पाच फेका पुरे, मग दहा पावलं वर सरका. आपल्याकडं एका घाटावर तासन् तास बसायची रीत आहे, ती इथं उपयोगाची नाही.

मासा लागला की झटका देऊ नका, रॉड वर धरा आणि रिळाचा ड्रॅग (दोरी किती जोरानं सुटेल ते ठरवणारी कळ) आधीच इतका सैल ठेवा की हातानं ओढल्यावर दोरी सुटेल. पातळ दोरीवर जोर केला की ती तुटते आणि मासा तोंडात स्पिनर घेऊन जातो.

सोडायचा असेल तर हात आधी पाण्यात बुडवा. कोरड्या तळव्यानं धरलेल्या एका ट्राउटच्या अंगावर मी माझी चार बोटं उमटलेली पाहिलीत : तेवढ्या जागेवरचा बुळबुळीत थर निघून खालची कातडी निस्तेज दिसत होती. तो थरच माशाला रोगापासून वाचवतो. मासा शक्यतो पाण्यातच ठेवून पकडीनं आकडा काढा, फोटो काढायचा तर दहा सेकंदांत. मग दोन्ही हातांवर, तोंड प्रवाहाकडं करून धरा. कल्ले नीट हलायला लागले की तो स्वतः हात सोडतो.

ऑक्टोबरच्या शेवटी उथळ पाण्यात आजूबाजूच्या शेवाळी दगडांपेक्षा स्वच्छ, उजळ खडीचा पट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नका. ती अंडी घालायला केलेली जागा असू शकते.

११. परतताना

शेवटच्या दिवशी दुपारी दोनला गळ बंद करा. रात्रीची बस औटला धरायची असते आणि बंजारहून खाली यायला गाडी वेळेवर मिळेलच असं नाही. ओले मोजे-बूट वेगळ्या पिशवीत, आकडे डबीत. मासा बर्फात घालून घरी आणायचा प्रयत्न करू नका, दोन दिवसांच्या गाडीत तो नासतो. तिथंच घरमालकाच्या चुलीवर हळद-मीठ लावून खा.

घरी आल्यावर दोरी रिळावरून काढून टाका, रॉडचे सांधे पुसून ठेवा, आणि एका वहीत तारीख, पाण्याचा रंग, कोणत्या दगडामागं कोणत्या स्पिनरला मासा लागला ते लिहा. घरमालकाचा नंबर त्याच पानावर लिहा, पुढच्या वर्षी पहिला फोन त्यालाच लावायचा आहे.